मदरशाच्या वरच्या वर्गांत चिकित्सक विचार शिकवताय? या चुका टाळा

मुलांना विचार करायला आपणच पहिल्यांदा शिकवतोय अशा थाटात नवे शिक्षक वर्गात शिरतात. अहो, दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, अठराव्या शतकापासून आहे. हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची, तर अख्खी विद्याच शंकेवर उभी: हे कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, तो रावी, म्हणजे सांगणारा, भरवशाचा होता का? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एका मदरशात दौरा-ए-हदीसच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, मुलांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती. बाहेरून आलेल्या तरुण व्याख्यात्यांनी पडद्यावर पहिलंच वाक्य टाकलं: 'ज्ञान मिळवा, त्यासाठी चीनला जावं लागलं तरी.' खाली ठळक अक्षरांत 'हदीस'. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "उस्ताद, याची सनद काय?" सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. उत्तर मिळालं, "शंका शेवटी." पुढच्या स्लाइडवर होतं, 'प्रश्न विचारायला घाबरू नका.' मुलाचं बरोबर होतं. या रिवायतीतला, म्हणजे कथनातला, अबू आतिका हा रावी कमजोर मानला जातो आणि हदीसचे अभ्यासक इब्न अल-जौझी यांनी तर ती बनावट हदीसांच्या संग्रहात घातली आहे. शंका शेवटपर्यंत कुणी घेतल्याच नाहीत.

मी मुलांच्याच मोबाइलवर आलेला एखादा धार्मिक फॉरवर्ड फळ्यावर लिहितो आणि सनद शोधायला लावतो. मग तीच फूटपट्टी औषधाच्या फॉरवर्डला, राजकारणाच्या फॉरवर्डला. तासाभरात निकाल लागला नाही तरी चालतं.

दुसरी चूक उसूल-ए-फिक्हमधली, म्हणजे इस्लामी कायद्याच्या तत्त्वांच्या तासातली. कियासचे, म्हणजे एका प्रकरणाचा नियम तसल्याच दुसऱ्याला लावण्याचे, चार घटक मुलं झोपेतही म्हणतात, त्यावर खूश होऊ नका. विचारा: प्रवासात चार रकातची (आवर्तनांची) फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाज दोनच का? बहुतेक जण म्हणतात, त्रास होतो म्हणून. मग मुंबईहून दिल्लीला विमानातल्या एसीत बसून जाणाऱ्याचं काय? आणि गावातच दिवसभर उन्हात विटा वाहणाऱ्याचं? हनफी पंथाच्या फुकहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, सवलत प्रवासावर टेकवली आहे, त्रासावर नाही. प्रवास मोजता येतो (त्यांच्या हिशोबानं सुमारे 77 किलोमीटर), त्रास माणसागणिक बदलतो. हिकमत (नियमामागचा हेतू) वेगळी आणि इल्लत (नियम ज्यावर टेकतो ते कारण) वेगळी, हे इथे मुलांच्या डोक्यात शिरतं. पण उत्तर आपण फोडायचं नाही. उतावळ्या शिक्षकाला दहाव्या मिनिटालाच राहवत नाही, आणि मुलं निमूटपणे ते वहीत उतरवून घेतात.

तर्कदोषांची इंग्रजी नावं पहिल्याच दिवशी पाठ करायला देऊ नका. मुनाजऱ्यात, म्हणजे वादविवादात, कोण जिंकलं हे जाहीर करू नका. मध्येच बाजू बदलायला लावा.

'हिदाया' हा हनफी कायद्याचा ग्रंथ शिकवताना इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य अबू यूसुफ, मुहम्मद यांची वेगवेगळी मतं सांगा, पण दलील, म्हणजे त्यामागचा युक्तिवाद, झाकून ठेवा. ती मुलांनी मांडायची, मग पुस्तकाशी ताडून बघायची.

आणि परीक्षेत शरह (ग्रंथावरचं भाष्य) शब्दशः उतरवणाऱ्यालाच पैकीच्या पैकी गुण देणार असाल, तर वरचं काहीच करू नका. पोरं हुशार असतात, गुण कशाला मिळतात ते त्यांना पहिल्या चाचणीतच कळतं.