मेलबर्न कपचे घोडे पारखताना या चुका टाळा

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घडलेली नजर घेऊन ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवरच्या शर्यतीकडे पाहिलं की पहिली चूक तिथेच होते. आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची, पुण्याची सेंट लेजर २८०० ची. मेलबर्न कप मात्र तब्बल ३२०० मीटरचा. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी जास्तीत जास्त २४ घोडे त्यात धावतात. एवढ्या पल्ल्यात वेगाचा प्रश्न शेवटी येतो, त्याआधी दमाचा हिशोब लागतो. घोड्याने आपला दम कुठे आणि कसा खर्च केला, हे मागच्या शर्यतींतून वाचता आलं पाहिजे.

लेन्थचा हिशोब सगळीकडे सारखा धरणं

ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "गेल्या वेळी चार लेन्थने जिंकला" हे वाक्य ऐकलं की आपण भारावून जातो. लेन्थ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर. पण चार लेन्थ कुठल्या पल्ल्यावर? ब्रिटनचे हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांनी किती वजन वाहायचं ते ठरवणारे, १००० मीटरच्या शर्यतीत एका लेन्थला साधारण तीन पौंड वजन धरतात, ३२०० मीटरला फक्त एक पौंड. म्हणजे छोट्या पल्ल्यावरच्या चार लेन्थ बारा पौंडांच्या, जवळपास साडेपाच किलोंच्या. लांब पल्ल्यावर त्याच चार लेन्थ दोन किलोंपेक्षाही कमी भरतात. शेवटी थकलेले घोडे गळपटतात आणि अंतर आपोआप फाकत जातं, त्यामुळे तिथला मोठा फरक दिसतो तेवढा खरा नसतो. पुढच्या वेळी विजेत्याच्या पाठीवर दोन किलो वाढले की ती आघाडी कागदावर पुसली जाते. म्हणून आधी पल्ला पाहा, मग दोन्ही घोड्यांच्या वजनात काय बदल झाला ते पाहा आणि त्यानंतरच लेन्थ मोजा.

वजन पाहून घोडा बाद करणं

मेलबर्न कप हँडिकॅप आहे, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन. म्हणून पुष्कळ जण यादीतली वरची नावं सरळ खोडून टाकतात. मकाइबी डिवा या घोडीने २००३ मध्ये ५१ किलो, २००४ मध्ये ५५.५ आणि २००५ मध्ये ५८ किलो वाहून सलग तीन वर्षं कप जिंकला. २०२२ चा विजेता गोल्ड ट्रिप ५७.५ किलो घेऊन धावला. वजन एकट्याने काही सांगत नाही, ते घोड्याच्या वकुबाशी जोडून वाचावं लागतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. रीकिंडलिंग (२०१७) आणि क्रॉस काउंटर (२०१८) हे उत्तर गोलार्धातले तीन वर्षांचे घोडे अनुक्रमे ५१.५ आणि ५१ किलोवर जिंकले. कोवळ्या वयामुळे मिळालेली सवलत आणि झपाट्याने होत असलेली प्रगती, दोन्ही एकत्र आली की असा घोडा यादीत तळाशी असला तरी त्याच्यावरून नजर पुढे सरकवू नका.

घोड्याचा स्वभाव न पाहणं

फार लॅप या घोड्याची तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९२९ मध्ये त्याच्या पाठीवर ४७ किलोंच्या आसपास वजन होतं, सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर होता आणि तो तिसरा आला. सुरुवातीची चाल संथ होती, तो लगाम ओढत जॉकीशी झगडत राहिला. तिथेच दम गेला. १९३० मध्ये तोच घोडा ६२.६ किलो घेऊन जिंकला. १९३१ मध्ये त्याच्यावर ६८ किलो चढवले, तेव्हा आठवा आला. तिसऱ्या वर्षाचा दोष वजनाला देता येतो, पहिल्या वर्षाचा नाही.

म्हणून मागच्या शर्यतींचं चित्रण पाहताना शेवटच्या दोनशे मीटरवरच अडकू नका. पहिल्या हजार मीटरमध्ये घोडा मान सैल सोडून धावतोय की तोंड वर करून ओढतोय, ते बघा. मला विचाराल तर २४०० मीटरच्या कॉलफील्ड कपमध्ये शांतपणे धावून पाचवा आलेला घोडा, सारा वेळ ओढाओढ करून दुसऱ्या आलेल्या घोड्यापेक्षा जास्त विश्वासाचा.

मागून आलेला तो दमदार, असं मानणं

शर्यत सुरुवातीलाच भन्नाट वेगात गेली असेल तर पुढचे घोडे ढेपाळतात आणि मागचा आपोआप चमकतो. ती चमक फसवी असते. संथ शर्यतीत मागून येऊन अंतर कापणारा मात्र खरोखर दमाचा. आणि पुढे राहणाऱ्यांना लांब पल्ल्यात मोडीत काढायचं कारण नाही: २०२० मध्ये ट्वायलाइट पेमेंट पुढे राहूनच जिंकला. पुढे पळणारे किती आहेत ते मोजा. एकच असेल तर त्याला हवी तशी चाल ठेवता येते, चार असतील तर ते एकमेकांचा दम काढतात.

बाहेरच्या गेटची, म्हणजे आतल्या कठड्यापासून लांबून सुटण्याची धास्ती मात्र फार घेऊ नका. फ्लेमिंग्टनचा फेरा २३१२ मीटरचा आहे, त्यामुळे घोडे आधी साधारण ८९० मीटर सरळ धावून विजयरेषेसमोरून जातात आणि मगच पहिलं वळण येतं. आत सरकायला वेळ असतो. २०२१ मध्ये व्हेरी एलिगन्ट अठराव्या गेटमधून जिंकली.

ट्रॅक किती ओला आहे ते शर्यतीच्या दिवशी सकाळीच पाहा. ऑस्ट्रेलियात एक ते दहा आकडे देतात: तीन-चार म्हणजे चांगला, पाच ते सात मऊ, आठ ते दहा जड. पुण्याच्या पावसाळी ट्रॅकवर पेनेट्रोमीटरचा, म्हणजे जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या यंत्राचा आकडा वाचायची सवय असलेल्यांना हे अवघड जाऊ नये. मऊ जमिनीत ३२०० मीटर म्हणजे पायांना त्याहून लांब पल्ला. चार दिवस आधी केलेली निवड, रात्री पाऊस झाला असेल तर पुन्हा पहिल्यापासून तपासा, आणि ओल्या ट्रॅकवर एकदाही न धावलेल्या घोड्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.