आईवडिलांसाठी केअर होम बघताय? मग संध्याकाळी सातनंतर जा

आमच्या अप्पांना म्हणजे सासऱ्यांना पॅरालिसिस झाला आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता यांना चोवीस तास माणूस लागणार, तेव्हा नवरा आणि मी पुण्यात आणि आसपास सात-आठ ठिकाणं पालथी घातली. पहिली तीन बघताना आम्ही निव्वळ येडे होतो, लॉबी बघून खूश, गणपतीचं देऊळ बघून खूश. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी नावांचा घोळ समजून घ्या. सीनियर लिव्हिंग म्हणजे हिंडत्याफिरत्या माणसांसाठी फ्लॅट किंवा खोली, खाली डायनिंग हॉल, भजन, योगा, पुण्यात अथश्री वगैरे या प्रकारातलं. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे अंघोळ, कपडे, गोळ्या याला हात देणारं कोणीतरी. आणि नर्सिंग केअर म्हणजे नाकातली नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, अंथरुणाला खिळलेला पेशंट. जाहिरातीत हे सगळं एकाच पानावर असतं, म्हणून फोनवरच विचारायचं, "आज चालतायत, पण उद्या झोपूनच राहिले तर इथेच ठेवाल का?" एका ठिकाणी उत्तर आलं की तेव्हा तुम्ही नर्सिंग ब्युरोचा, म्हणजे पगारी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा, माणूस लावा, दुसऱ्याने सांगितलं तेव्हाचं तेव्हा बघू. दोन्हीचा अर्थ एकच, तेव्हा तुम्हीच बघा.

पहिली व्हिजिट सांगून करा, दुसरी न सांगता, आणि संध्याकाळी सातनंतर. दिवसा मॅनेजर, फिजिओ, सिस्टर सगळे असतात. रात्री किती पेशंटमागे किती मावशी आणि मामा (म्हणजे अटेंडंट) आहेत हे मोजायचं, आणि सिस्टर खरंच सिस्टर आहे का तेही विचारायचं. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली नर्स वेगळी आणि पांढरा ड्रेस घातलेली अटेंडंट वेगळी, इन्सुलिन कोण देतं या एका प्रश्नात बरंच कळतं. रात्री २ वाजता श्वास लागला तर कोण कोणाला फोन करणार, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सोबत कोण बसणार, कुठल्या हॉस्पिटलला नेणार, हे त्यांना पाठ असायला हवं. "होईल ना मॅडम, काळजी करू नका" हे उत्तर नाही.

बिल्डिंगपेक्षा तिथल्या पेशंटकडे बघा. नखं कापलीत का, दाढी झालीय का, तोंड कोरडं पडलंय का. शक्य असेल तर टाचा बघा, कारण बेडसोर माकडहाडावर आणि टाचांवरच आधी होतो. झोपून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, त्याचा चार्ट बेडपाशी असतो का बघा, आणि असला तर रात्रीचे सगळे टिक एकाच पेनाने एकाच दमात मारलेत का तेही बघा. (आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी साडेसातलाच पहाटे ४ पर्यंतचे टिक झाले होते!) वास कसला येतो? एखाद्या खोलीत येणारच, पण पूर्ण पॅसेजमध्ये लघवीचा नाहीतर अति फिनाइलचा भपका असेल तर निघा. मनगटांवर बांधल्याचे वळ दिसले तर विचारा, रात्री ओरडणाऱ्या पेशंटचं काय करता तेही विचारा, आणि झोपेची गोळी कोणाच्या प्रिस्क्रिप्शनने देता तेही.

जेवणाचं मला आधी सुचलंच नव्हतं. बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतात आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे मध्ये १४ तास, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर पहाटे घसरली तर? झोपताना दूध-बिस्कीट देतात का विचारा. पोळी चावत नसेल तर मऊ भात, खिमटी, पेज करून देतात का. आणि जेवायच्या वेळी जाऊन बघा भरवायला कोण बसतं, कारण ताट समोर ठेवलं म्हणजे पोटात गेलं असं नसतं.

बिल्डिंगचं पटकन सांगते. टेप घेऊन जा, बाथरूमचा दरवाजा मोजा, कारण व्हीलचेअर साधारण २६ इंच असते आणि कित्येक दरवाजे तेवढेच असतात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर जातं का, कमोडशेजारी पकडायला बार आहे का, टाइल्स ओल्या झाल्यावर सरकतात का. फ्लॅट विकत घेणार असाल तर महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत, बिल्डर ते पाळतोय का बघा.

पैशांसाठी रेटकार्ड लेखी मागा. महिन्याचा आकडा ऐकून हुरळू नका, डायपर, लाँड्री, डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, स्पेशल अटेंडंट सगळं वेगळं निघतं. डिपॉझिट किती दिवसांत परत, हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचे पैसे चालू का, दरवर्षी किती वाढ. देणगी किंवा घर नावावर करा अशी भाषा आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते, पण ती अट कागदावर लिहिलेली हवी. आणि काही वाकडं झालं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

एक प्रश्न जिभेवर येत नाही, तरी विचारा. तिथेच रात्री गेले तर कोणता डॉक्टर येऊन सर्टिफिकेट देतो? ४ए फॉर्मसाठी, म्हणजे डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून दिलेल्या दाखल्यासाठी, ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये, स्मशानात तो मागतातच.

पसंत पडलं तरी आधी पंधरा दिवस ट्रायल ठेवा. माझी नणंद अमेरिकेत, ती रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करायची आणि अप्पा मस्त तेल-भांग करून तयार बसलेले असायचे, मग मी तिला म्हटलं वेळ बदल, कधी दुपारी तीनला कर, कधी रात्री दहाला. कपड्यांवर मार्करने नाव लिहा, चष्मा आणि कवळीच्या डबीवर पण. आमच्या अप्पांनी आठवडाभर दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर घातला होता आणि तो त्यांना फार आवडला होता.