जुन्या फ्रेंच कॉन्फी बरणीत लोणचं नको

नैऋत्य फ्रान्सच्या गॅस्कनी, पेरिगोर भागातल्या जुन्या कॉन्फीच्या बरण्या बघितल्यात ना, वरून अर्धी पिवळी नाहीतर हिरवी चकाकी आणि खाली नुसती उघडी माती, त्यात बदकाचं शिजवलेलं मांस त्याच्याच चरबीत बुडवून हिवाळाभर टिकवायचे, तेच कॉन्फी. दिसते एकदम आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी, पण प्लीज त्यात लोणचं, चिंच, व्हिनेगर काही भरू नका, कारण त्या काळच्या झिलईत सर्रास शिसं असायचं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. फुलं ठेवायची तर आत काचेचा ग्लास ठेवून त्यात पाणी घाला, झिलईला बारीक तडे असले की पाणी झिरपून टेबलावर डाग पडतो. धुवायची हातानेच, डिशवॉशरमध्ये अजिबात नाही. लाकडी उलथनी-डाव उभे करून ठेवायला मात्र झकास!