दोन पगारांमधले ८५ दिवस

नोकरी बदलली की सगळे विचारतात, "किती वाढवून दिले?" जुन्या ऑफिसचा शेवटचा पगार आणि नव्याचा पहिला पगार यांत दिवस किती जाणार, हे मला कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही. माझे ८५ गेले. ७ मे २०२३ला एप्रिलचा पगार जमा झाला, त्यानंतरचा थेट ३१ जुलैला. मधे जून, म्हणजे शाळा. आणि घरात कमावणारी मी एकटी.

२०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. हॉस्पिटलचं बिल भागवायला तीन लाखांचं पर्सनल लोन घेतलं होतं: १५ टक्के व्याज, चार वर्षं, महिन्याचा हप्ता ८,३४९. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होते. हातात २८,५०० यायचे. घरभाडं ७,५००, लोनचा हप्ता, शाळा आणि व्हॅन २,८००, लाइट-गॅस-मोबाइल १,९००, भिशी २,०००, क्रेडिट कार्डाची 'मिनिमम' रक्कम ३,१००. उरले २,८५१. त्यात किराणा, दूध, बस आणि लेकीचा खोकला. अर्थातच किराणा कार्डावर जायचा, आणि महिन्याच्या शेवटी मी म्हणायचे, चला, भागलं एकदाचं.

भागत काहीच नव्हतं. कार्डावर ६२,००० थकले होते. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,१७०, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, असे २,५६०. मी भरत होते ३,१००. मुद्दल कमी व्हायचं जेमतेम ५४० रुपयांनी, आणि किराण्यापोटी तीन-चार हजार पुन्हा त्यावर चढायचे. दिवसभर लोकांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला स्वतःचा हिशेब मांडायला दोन वर्षं लागली, हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. अंदाजपत्रक म्हणून मी वेगळं काही केलं नाही. लेकीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर प्रत्येक देणं, त्याचं व्याज आणि हप्त्याची तारीख लिहिली. तारखेचा रकाना केवळ सवयीने आखला होता. पुढे सगळा खेळ त्याच रकान्याचा निघाला.

सासूबाईंनी लग्नात घातलेल्या दोन पाटल्या होत्या. आई म्हणाली, "सोनं मोडू नकोस बाई." मोडलं नाही, तारण ठेवलं. एका सरकारी बँकेत साडेनऊ टक्क्यांनी ६२,००० घेतले आणि त्याच दिवशी कार्ड शून्यावर आणून बंद करून टाकलं. आता त्याच रकमेचं व्याज महिन्याला साधारण ४९०. लॉकरमध्ये पाटल्या ठेवून कार्डाला अडीच हजार व्याज भरणाऱ्या माझ्या ओळखीतच तिघीजणी आहेत. 'तारण' या शब्दाची आपल्याकडे उगाच दहशत आहे. फेडण्याची वाट दिसत नसेल तर मात्र सोन्याला हात लावू नका. मला नवी नोकरी दिसत होती, म्हणून मी लावला.

ती नोकरी मिळाली जीएसटीमुळे. लेक झोपली की रोज तासभर रिटर्न आणि एक्सेल शिकत होते. जुन्या ऑफिसात आमचा सल्लागार दर महिन्याला जीएसटीआर-१ आणि ३बी ही दोन रिटर्न (मुदत ११ आणि २० तारीख) भरायचा, त्याच्या शेजारी बसून सहा महिने शिकले, फुकट. मुलाखतीत विचारलंच, "मुलीला कोण बघतं?" मी सांगितलं, पाळणाघर साडेसातपर्यंत आहे, ११ आणि २० तारखेला रिटर्नमुळे उशीर होईल, तेव्हा शेजारच्या काकू थांबतील. मला वाटतं, ११ आणि २० या दोन आकड्यांनी माझं काम झालं.

राजीनामा कधी द्यायचा, हा पहिला तारखेचा प्रश्न. मी लागले होते १० जून २०१८ला. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेला, सलग पाच वर्षं लागत होती, आणि नवी कंपनी म्हणत होती मेमध्येच या. मी जूनचा तिसरा आठवडा मागून घेतला आणि १५ जून हा शेवटचा दिवस धरून साठ दिवसांची नोटीस दिली. मूळ पगार १४,०००, म्हणून हिशेब १४,००० गुणिले १५ भागिले २६, गुणिले पाच वर्षं: ४०,३८५ रुपये. पाच आठवडे आधी निघाले असते तर एवढी रक्कम धोक्यात आली असती. ही रक्कम आपोआप येईल असं समजू नका. मी ग्रॅच्युइटी मागण्याचा फॉर्म 'आय' भरून दिला आणि प्रतीवर पोच घेतली. कायद्यात तीस दिवस आहेत, मला सात आठवडे लागले.

माझी चूक पुढे झाली. नोटीस काळातला पगार जुन्या ऑफिसवाले रोखून ठेवतात आणि 'फुल अँड फायनल'मध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, एकदम देतात, हे मला ७ जूनला खातं रिकामं दिसल्यावर कळलं. पाच वर्षं त्याच अकाउंट्समध्ये बसून! दुसऱ्यांचे पगार रोखलेले पाहिले होते, स्वतःवर लावून पाहिलं नव्हतं. नवीन ठिकाणी १९ जूनला रुजू झाले, तर त्यांची पगाराची यादी १५ तारखेला बंद होते. जूनचे बारा दिवस जुलैच्या पगारात.

म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर दोन प्रश्न विचारा. जुन्या ठिकाणी: नोटीसमधला पगार नेहमीच्या तारखेला होणार की नाही? नव्या ठिकाणी: यादी कोणत्या तारखेला बंद होते? लाजू नका. पॅकेजवर घासाघीस करायला आपण लाजत नाही, मग यात कसली लाज?

जून भिशीवर निघाला. बारा जणी, प्रत्येकी २,०००. माझा नंबर दिवाळीत होता. मी तोंड उघडून सांगितलं, आणि जूनवालीने तिचा नंबर मला दिला. २४,००० हातात आले. भावाने १५,००० दिले. दोन महिन्यांचं भाडं, वह्या-पुस्तकं-गणवेश ६,५००, जूनचा हप्ता हे सगळं गेलं. १० जुलैला खात्यात ७,९०० होते आणि हप्ता ८,३४९. चारशे एकोणपन्नास रुपयांसाठी बाउन्स. लोनवाल्यांचा दंड ५९०, बँकेचा वेगळा, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन. रात्री साडेआठला फोन आला तेव्हा लेक समोर जेवत होती. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी तो शांतपणे सांगितला आणि ३१ तारखेला भरते असं ईमेलवर लिहून दिलं. रात्रीचे फोन थांबले. नंतर कळलं, हप्त्याची तारीख विनंती करून बदलून मिळते. हप्ता चुकण्याआधी मागितली असती तर क्रेडिट स्कोअरही पडला नसता. पुढे मी ती ५ करून घेतली, कारण नवा पगार महिनाअखेरीस होतो.

पीएफ काढून लोन फेड, असं बरेच जण म्हणाले. गणिताने ते चूक नव्हते. पीएफवर तेव्हा ८.१५ टक्के मिळत होते आणि मी १५ टक्के भरत होते. तरी मी काढला नाही, नव्या कंपनीकडे वळवला. पेन्शनसाठी दहा वर्षं मोजली जातात, एवढंच कारण नव्हतं. मला काही झालं तर लेकीच्या नावावर काहीतरी पडलेलं असावं असं वाटत होतं. वळवताना पाहिलं तर नॉमिनी अजून नवराच. दोन वर्षं! नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबतच्या विम्यातून सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि तिथे नाव होतं गेलेल्या माणसाचं. एकट्या पालकांनी बजेटच्या आधी हे काम करावं. मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल तर पालक म्हणून कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. मी भावाचं दिलं.

सरकारच्या बालसंगोपन योजनेचाही (आई किंवा बाप गमावलेल्या मुलांसाठीची मदत) अर्ज केला. महिन्याचे २,२५० कागदावर छान दिसतात, पण पैसे येतात तेव्हा येतात. वहीत मी ते कधीच धरले नाहीत.

नव्या ठिकाणी हातात ३७,५००. वाढ नऊ हजारांची, त्यातून पाळणाघर २,५०० आणि बसचे जास्तीचे १,४०० वजा केले की उरतात ५,१००. ऑगस्टमध्ये ग्रॅच्युइटी आली, त्यातले ४०,००० थेट सोन्याच्या कर्जात भरले. रोखलेल्या पगारातून भावाचे परत केले. पुढे दर महिन्याला ५,१००. संक्रांत होऊन दोन आठवड्यांनी पाटल्या घरी आल्या. लेकीने हातात घालून पाहिल्या, कोपरापर्यंत गेल्या.

पर्सनल लोन मात्र मुदतीपर्यंत चालू ठेवलं. मुदतीआधी बंद करायला चार टक्के आणि वर जीएसटी मागत होते, आणि मला हाताशी दोन महिन्यांचा खर्च साठवायचा होता. शेवटचा हप्ता एप्रिल २०२५मध्ये गेला. 'नो ड्यूज'चं पत्र मागून घेतलं, ते आपणहून कुणी पाठवत नाही. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), तर त्यात लोन अजून चालूच. पत्र जोडून तक्रार केली. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे, तोही तक्रारीत लिहिला. एकविसाव्या दिवशी 'बंद' अशी नोंद आली.

भिशी अजून चालू आहे. यंदा जूनचा नंबर मी आमच्यातल्या एकीला दिला. तिची नोटीस १५ मेपासून सुरू होते आहे.