कमी खर्चात पिकअप उंच करायची तर

आधी एक गैरसमज दूर करू: लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन उंच केले, की गाडीखालची सगळीच जागा वाढते असे नाही. सस्पेन्शन उंच केले की चेसिस आणि बॉडी वर जाते, मागचा डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गोळा) होता तिथेच राहतो. त्याच्या खालची जागा फक्त मोठ्या टायरने वाढते. दगडावर डिफरन्शियल घासतोय अशी तक्रार असेल तर पैसे टायरवर घाला. गाडीचे नाक टेकत असेल किंवा मोठे टायर मडगार्डला लागत असतील, तर लिफ्ट कामाची.

स्वस्तातले काम ५० मिमीपर्यंतच ठेवा. त्यापुढे बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाकाकडचे सांधे), ब्रेक होस (ब्रेकची रबरी नळी), शॉकअप सगळ्यांचेच कोन आणि लांब्या बिघडतात, आणि मग स्वस्त काही उरत नाही. बदलाबाबतचे नियमही काम सुरू करण्याआधीच पाहून घ्या.

गाडी सपाट जागी, रिकामी उभी करून चारही चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून घेतलेल्या मापात टायरची हवा गोंधळ घालते.

पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारी, पिळली जाणारी लांब दांडी) असेल तर सुटे भाग लागतच नाहीत. ॲडजस्टिंग बोल्टचे बाहेर दिसणारे आटे मोजा, रंगाची खूण करा, चाके अधांतरी करून दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा. मग गाडी खाली घ्या, थोडी पुढेमागे ढकला, दाबून हलवा आणि तेव्हाच मोजा, नाहीतर माप फसवते. २५ ते ४० मिमीवर थांबा. बार पिळल्याने तो कडक होत नाही. चाकाला खाली जायला उरलेली जागा तेवढी कमी होते. ती संपली की खड्ड्यात वरचा आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा हात) स्टॉपरवर ‘ठक्’ आपटतो आणि लोक शॉकअपला दोष देतात.

पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) असेल तर वरच्या माउंटवर बसणारा स्पेसर घ्या. त्यासाठी स्प्रिंग उघडावी लागत नाही. स्ट्रटच्या मधल्या नटला हात लावू नका, दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसलेला असतो, म्हणून स्पेसरच्या जाडीच्या साधारण दीड ते दुप्पट उंची मिळते. ५० मिमी उंची हवी म्हणून ५० मिमी जाड स्पेसर आणणे ही नेहमीची चूक. स्टॅबिलायझर लिंक (गाडी कलू न देणाऱ्या दांडीचे जोड) दोन्ही बाजूंच्या सोडा, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोरीने बांधून ठेवा; ब्रेक होस आणि एबीएसची वायर यांवर वजन पडता कामा नये. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के करा. हवेत आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

मागे पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी असेल तर दोन रस्ते. पाटे बसून गेले असतील तर जादा पाटा घाला. भाराला बळ मिळते, रिकामी गाडी मात्र उडते. पाटे चांगले असतील तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक: लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा, एकच. लाकूड नाही, एकावर एक नाही, आणि पुढच्या ॲक्सलला तर कधीच नाही. पाटा ॲक्सलच्या वर असेल तरच ब्लॉकने गाडी उंच होते; पाटा खाली असेल तर उलट बसते.

चेसिस स्टँडवर घ्या, ॲक्सलला जॅकचा आधार द्या. एका वेळी एकच बाजू पूर्ण सोडा, दुसरीकडचे नट फक्त ढिले करा. ॲक्सल हळू खाली घ्या, ब्लॉक ठेवा. पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके ब्लॉकच्या भोकात आणि ब्लॉकची पिन ॲक्सलच्या भोकात बसली आहे हे बोटाने चाचपा. ती कडेवर राहिली तर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. उतरता ब्लॉक (एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ) असेल तर जाड बाजू मागे, म्हणजे पिनियनचे (डिफरन्शियलला प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या टोकाचे) तोंड वर होते.

यू-बोल्ट (पाटा, ब्लॉक आणि ॲक्सल एकत्र आवळणारे) नवेच घ्या: व्यास जुनाच, लांबी ब्लॉकच्या जाडीइतकी जास्त. जुने ताणलेले असतात, पुन्हा आवळले की ढिले पडतात. चारही नट तिरपे-तिरपे, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर तपासा.

मागच्या ब्रेकला भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर बहुतेकजण त्याला विसरतात. ॲक्सल आणि चेसिसमधले अंतर वाढले की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. भरलेली गाडी मग लवकर थांबत नाही. व्हॉल्व्हचा ब्रॅकेट लिफ्टइतका सरकवून दांड्याचा मूळ कोन परत आणा.

शेवटी चाके लोंबकळत ठेवून होस आणि शॉकअप ताणलेले नाहीत हे बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनही. मग अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. निघताना थरथर जाणवली तर दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांडीचे) सेंटर बेअरिंग स्पेसर लावून काही मिलिमीटर खाली आणा.