या चुका टाळा : स्प्रिंग बूटचे कॉन्फिगरेशन क्लास लावताना

इंदूरच्या सियागंजातल्या एका ठोक किराणा व्यापाऱ्याची ऑर्डर घेणारी वेबसाइट आम्ही चौघं सांभाळतो. ती जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवर चालते. धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी ती गोठली. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, मेमरी भरपूर, पण पान काही उघडेना. थ्रेड डम्प (कुठला थ्रेड काय करतोय याची यादी) काढला तर टॉमकॅट या वेब सर्व्हरचे 200 च्या 200 थ्रेड पेमेंटच्या उत्तराची वाट बघत अडकलेले. पेमेंटच्या रेस्टटेम्प्लेटला (दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या ऑब्जेक्टला) आम्ही 3 सेकंदांचा टाइमआउट लावला होता, मग हे कसं?

बीन म्हणजे स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट, आणि ते कसं बनवायचं हे कॉन्फिगरेशन क्लासमधल्या बीन मेथड सांगतात. पेमेंटच्या कॉन्फिगरेशन क्लासमध्ये ‘रेस्टटेम्प्लेट’ नावाची बीन मेथड होती. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने एसएमएससाठी दुसरा क्लास लिहिला आणि त्यातही मेथडला तेच नाव दिलं. मेथडचं नाव तेच बीनचं नाव, म्हणून दोन्ही एकमेकांवर आदळले. स्प्रिंग बूट 2.1 पासून अशा वेळी ॲप्लिकेशन सुरूच होत नाही, आणि ते फार चांगलं आहे. पण त्या एररच्या शेवटी दोन उपाय छापलेले असतात : एका बीनचं नाव बदला, नाहीतर ओव्हररायडिंगची (एका बीनला दुसऱ्याची जागा घेऊ देणारी) प्रॉपर्टी ट्रू करा. त्याने दुसरा उपाय केला. “काका, सुरू झालं,” म्हणाला, आणि रिव्ह्यूमध्ये मीही ती ओळ जाऊ दिली. एसएमएसच्या बीनने पेमेंटच्या बीनची जागा घेतली. त्याला टाइमआउट नव्हता, आणि टाइमआउट दिला नाही तर साधं रेस्टटेम्प्लेट उत्तर येईपर्यंत थांबूनच राहतं. एरवी हे कळलंही नसतं. त्या दुपारी पेमेंटवाल्यांचा सर्व्हर मंदावला आणि आमचं दुकान बंद पडलं.

ती प्रॉपर्टी ट्रू करू नका. बीनला कामावरून नाव द्या, ‘पेमेंटरेस्टटेम्प्लेट’, ‘एसएमएसरेस्टटेम्प्लेट’, आणि मागताना कुठलं हवं ते नावाने सांगणारं @क्वालिफायर लावा.

खरी गडबड मात्र त्याच्या आधीची होती. आमचे सगळे कॉन्फिगरेशन क्लास ‘कॉन्फिग’ नावाच्या एकाच पॅकेजमध्ये कोंबलेले होते. बहुतेक प्रोजेक्टांत हेच दिसतं. नीटनेटकं वाटतं, पण पेमेंटमध्ये काम करणाऱ्याला पेमेंटचं कॉन्फिगरेशन समोर दिसत नाही. आता ज्या विभागाचं काम, त्याच्याच पॅकेजमध्ये त्याचा क्लास. उद्या एसएमएस काढून टाकायचं झालं तर एक पॅकेज उडवलं की झालं. सामायिक पॅकेजात आम्ही डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शन देणारं बीन), सिक्युरिटी आणि घड्याळ एवढंच ठेवलं.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त घातक. क्लासवर @कॉन्फिगरेशनऐवजी @कंपोनंट लिहायचं, आणि आत एका बीन मेथडमधून दुसरीला थेट हाक मारायची. @कॉन्फिगरेशन असेल तर स्प्रिंग त्या क्लासचा प्रॉक्सी (मधला प्रतिनिधी) बनवतं आणि कितीही वेळा हाक मारली तरी तेच एक ऑब्जेक्ट परत देतं. @कंपोनंटमध्ये हा प्रॉक्सी नसतो. @कॉन्फिगरेशनमध्ये प्रॉक्सीबीनमेथड्स फॉल्स केलं तरी तेच. मग व्यवहार पक्का किंवा रद्द करणाऱ्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरच्या मेथडने डेटासोर्सच्या मेथडला हाक मारली की एक नवा डेटासोर्स, क्वेरी चालवणाऱ्या जेडीबीसीटेम्प्लेटच्या मेथडने मारली की आणखी एक. पैसे कापले, पुढे एक्सेप्शन आलं, रोलबॅक झाला (व्यवहार उलटवला गेला), पण वेगळ्याच कनेक्शनवर. टेबलातली नोंद तशीच राहिली. शिवाय हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शन साठवणाऱ्या लायब्ररीचा) प्रत्येक पूल डीफॉल्टने 10 कनेक्शनपर्यंत वाढू शकतो, ते ओझं वेगळंच. उपाय सोपा : हाक मारू नका, जे हवं ते बीन मेथडच्या पॅरामीटरमध्ये मागा. मग प्रॉक्सी असो वा नसो, फरक पडत नाही.

बीन सापडत नाही अशी एरर आली की आधी पॅकेज बघा. बीन शोधणारा स्कॅन मुख्य क्लासच्या पॅकेजपासून खालीच जातो. क्लास त्याच्या बाहेर असेल तर तो आत हलवा, किंवा @इम्पोर्टने नावानिशी आणा. मुख्य क्लासवर भलंमोठं @कंपोनंटस्कॅन लावू नका. नको ते क्लास आत येतातच, शिवाय फक्त कंट्रोलर तपासणाऱ्या @वेबएमव्हीसीटेस्टसारख्या छोट्या टेस्टही अख्खं ॲप्लिकेशन उचलायला लागतात. याच कारणाने जेपीए ऑडिटिंग (नोंद कधी, कोणी बदलली ते आपोआप लिहिणं) चालू करणारं ॲनोटेशनही मुख्य क्लासवर नको. कंट्रोलरची साधी टेस्ट ‘जेपीए मेटामॉडेल रिकामं आहे’ म्हणून पडते, आणि मुलं तासभर कंट्रोलरच तपासत बसतात. वेगळा छोटा कॉन्फिगरेशन क्लास केला की प्रश्न मिटतो.

@इनेबलवेबएमव्हीसी तर बूटच्या प्रोजेक्टात जवळपास कधीच लागत नाही. ते लिहिलं की बूटची वेब एमव्हीसीची तयार मांडणी बाजूला होते. ऑर्डरची तारीख अचानक आकड्यांच्या यादीसारखी यायला लागली, तर आधी हे ॲनोटेशन शोधा. एखादा इंटरसेप्टर (विनंती कंट्रोलरकडे जाण्याआधी तपासणारा) जोडायचा असेल तर वेबएमव्हीसीकॉन्फिगरर इम्प्लिमेंट केलेला क्लास पुरतो.

गुंता झालाच तर अंदाज बांधत बसू नका. ॲप्लिकेशन डीबग फ्लॅग लावून सुरू करा. कुठली ऑटोकॉन्फिगरेशन लागली, कुठली नाही आणि का, याचा पूर्ण अहवाल कन्सोलवर येतो. ॲक्च्युएटरचा (चालू ॲप्लिकेशनची आतली माहिती दाखवणाऱ्या भागाचा) ‘बीन्स’ एंडपॉइंट प्रत्येक बीनसमोर ते कुठल्या क्लासमधून आलं ते लिहितो. तो वेबवर आपोआप उघडा नसतो, आपल्याला उघडावा लागतो, आणि प्रॉडक्शनवर तो बंदच असलेला बरा. त्या दुपारी आमच्या चाचणी सर्व्हरवर आम्ही तोच उघडला. रेस्टटेम्प्लेटच्या पुढे एसएमएसचा क्लास लिहिलेला होता. दोन्ही नावं बदलली, ती प्रॉपर्टी काढून टाकली आणि दिवेलागणीच्या आत ऑर्डर पुन्हा सुरू झाल्या.