शूटिंग रेंजच्या मातीचा सामू (pH) तपासा

ट्रॅप-स्कीटच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या, एका काडतुसात सुमारे २४ ग्रॅम शिशाचे छर्रे असतात. १०० बार झाले की जवळजवळ अडीच किलो शिसं मैदानात पडतं आणि तिथेच राहतं. माती आम्लधर्मी असेल तर ते जास्त विरघळून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-विहिरींकडे जाऊ शकतं. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी, त्यामुळे तिथे ही धास्ती मोठी. म्हणून पावसाळ्याआधी माती तपासून घ्या. सामू ६.५ च्या खाली असेल तर शेतीचा चुना टाका. उतारावर गवत राखा, गुरं मात्र तिथे चारू नका.

चुन्याने शिसं नाहीसं होत नाही, फक्त जागेवर थोपतं. अधूनमधून माती चाळून छर्रे काढावेच लागतात, तेही धूळ उडणार नाही अशा बेताने. घरात लहान मूल असेल तर रेंजवरचे बूट दाराबाहेरच काढा.